काळी माहेश्वरी, पिवळी नऊवारी: अशा बारीक कीवर्डांवर साड्यांचे संकेतस्थळ चालू शकते का?

माहेश्वरीवाली (रामबाग, इंदूर):

सर्वांना नमस्कार. आमचा घरगुती व्यवसाय आहे. महेश्वरच्या विणकरांकडून हातमागाच्या साड्या आणायच्या आणि इंदुरात विकायच्या, हे काम सासूबाईंनी सुरू केले आणि आता ते मी पाहते. पूर्वी गिऱ्हाईक ओळखीतूनच यायचे. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर एवढ्या वस्त्यांमधल्या मराठी घरांवर आमचे भागत असे. आता या घरांतल्या लेकी-सुना पुण्याला, ठाण्याला, बंगळुरूला असतात आणि साडी घ्यायची झाली की आधी फोनवर शोधतात, म्हणून आम्हीही संकेतस्थळ काढले.

ज्या संस्थेला हे काम दिले (नाव घेण्याचे कारण नाही), तिने 'माहेश्वरी साडी' या कीवर्डवर, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांवर, आम्हाला गूगलच्या पहिल्या पानावर आणून दाखवण्याचे कबूल केले होते. दर महिन्याला अहवाल येतो, त्यात इम्प्रेशनचा (आमचे पान निकालांत किती वेळा दिसले त्याचा) आलेख चढता असतो, पण ऑर्डरी येतात त्या अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि त्याही बहुतेक ओळखीच्यांच्याच.

आता एका परिचितांनी सुचवले आहे की मोठ्या शब्दाचा नाद सोडावा आणि 'संक्रांतीसाठी काळी माहेश्वरी साडी', 'मुंजीसाठी पिवळी नऊवारी' अशा लांब पण नेमक्या शब्दांवर लक्ष द्यावे. मी हे शब्द गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये (कोणता शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो ते सांगणाऱ्या साधनात) घालून पाहिले, तर काहींपुढे '१० ते १००' असे येते आणि बहुतेकांपुढे काहीच येत नाही. महिन्याला जेमतेम दहा माणसे जे शोधतात, त्याच्यासाठी स्वतंत्र पान करण्यात अर्थ आहे का? शिवाय आमच्या गिऱ्हाइकांपैकी काही जणी मराठीत लिहितात, काही हिंदीत, आणि पुष्कळ जणी मराठीच रोमन लिपीत टाइप करतात. मग पान नेमके कोणत्या भाषेत लिहावे? ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शोधसोबती (विजयनगर, इंदूर):

ताई, कीवर्ड प्लॅनरमध्ये आकडा दिसत नाही म्हणून शोधणारे कुणी नाही, असा अर्थ काढू नका. ते साधन मुळात जाहिरातदारांसाठी आहे. ज्या खात्यातून जाहिरातींवर खर्च होत नाही, त्याला ते नेमका आकडा न देता '१० ते १००', '१०० ते १ हजार' असे ढोबळ पट्टे दाखवते आणि एकमेकांच्या जवळपास जाणारे शब्द एकाच गठ्ठ्यात बांधून टाकते. दुसरीकडे गूगलने स्वतःच अनेकदा सांगितले आहे की रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्यांच्याकडे पूर्वी कधीच आलेले नसतात. जो प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नाही, त्याचा मासिक आकडा कोणते साधन देणार?

या लांब कीवर्डांना 'लाँग टेल' म्हणतात. हा शब्दप्रयोग क्रिस अँडरसन यांच्या २००४ सालच्या 'वायर्ड' मासिकातील लेखामुळे रूढ झाला. तो लेख कीवर्डांविषयी नव्हता, तर पुस्तके, संगीत, चित्रपट यांच्या ऑनलाइन विक्रीविषयी होता: धो धो खपणाऱ्या मोजक्या वस्तूंच्या मागे थोड्याथोड्या खपणाऱ्या असंख्य वस्तूंची शेपटी असते आणि तिची बेरीज बरीच मोठी भरते. तुमच्या बाबतीत मात्र बेरजेपेक्षाही, शोधणारीने काय काय आधीच ठरवले आहे, हे जास्त महत्त्वाचे आहे. नुसते 'माहेश्वरी साडी' असे टाइप करणारी व्यक्ती प्रकल्प लिहिणारी विद्यार्थिनी असू शकते, फोटो पाहून मन रमवणारी असू शकते किंवा महेश्वरच्या सहलीची आखणी करणारीही असू शकते. आणि या शब्दावर तुमच्यापुढे मोठमोठ्या ऑनलाइन बाजारपेठा ठाण मांडून बसलेल्या असतात. याउलट 'संक्रांतीसाठी काळी माहेश्वरी' असे लिहिणारीचा साडीचा प्रकार ठरला आहे, रंग ठरला आहे आणि तारीखही ठरली आहे. सणाला काळे नेसण्याची चाल आपल्याकडची. सणासाठी कुणी मुद्दाम काळी साडी शोधत असेल, हे मराठी घरांशी संबंध नसलेल्या विक्रेत्याला सहसा सुचत नाही, त्यामुळे ती जागा बऱ्याच अंशी मोकळी राहते.

असे शब्द साधनांत शोधण्यापेक्षा तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शोधा. समजा, एखादीने लिहिले आहे: 'ताई, मुंजीसाठी पिवळी नऊवारी आहे का? शिवलेली नको. काठ दोन्हीकडून सारखा हवा. आईसाठी आहे, म्हणून जड नको.' या एवढ्याशा संदेशात मुंज हा प्रसंग आहे, पिवळा हा रंग आहे, 'शिवलेली नको' ही अट आहे, दोन्हीकडून सारखा काठ ही माहेश्वरीची खासियत आहे आणि 'जड नको' ही खरी काळजी आहे. पारंपरिक माहेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, म्हणून ती अंगावर हलकी राहते. आणि तिचा बुगडी काठ उलट-सुलट कसाही नेसला तरी चालतो. हे सगळे तुम्हाला तोंडपाठ आहे. पण ते तुमच्या पानावर लिहिलेलेच नसेल, तर गूगलने ते ओळखायचे कसे? जुने संदेश वाचून काढा आणि गिऱ्हाइकांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, त्यांचे शुद्धलेखनसुद्धा सुधारू नका. गिऱ्हाईक 'ताणा-बाणा' म्हणत नाही, 'अंगाला चिकटते का' असे विचारते.

दुसरी जागा म्हणजे सर्च कन्सोल, आपले संकेतस्थळ कोणत्या शोधांत दिसले हे मालकाला दाखवणारे गूगलचे साधन. ते फुकट आहे; संस्थेकडून त्याचा प्रवेश स्वतःच्या नावावर मागून घ्या, नुसत्या अहवालाच्या पीडीएफवर समाधान मानू नका. त्यातल्या 'परफॉर्मन्स' अहवालात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे शब्द पाहता येतात. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. दोन-तीन महिन्यांच्या काळात काही डझन लोकांनीसुद्धा जो शोध केलेला नाही, तो गूगल खासगीपणाच्या कारणास्तव त्या यादीत दाखवत नाही. त्या शोधातून आलेला क्लिक एकूण आकड्यात धरला जातो, पण शब्द मात्र गुप्त राहतो. म्हणून खालच्या यादीची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. तुमचे बारीक कीवर्ड नेमके याच तफावतीत दडलेले असतात. तेव्हा यश मोजताना शब्दांची यादी न पाहता 'पेजेस' हा टॅब उघडा आणि कोणत्या पानावर किती क्लिक आले ते पाहा.

ठाणेकरीण (माहेर राजेंद्रनगर, इंदूर):

मी या विषयातली जाणकार नाही, पण अशा साड्या शोधणारी गिऱ्हाईक नक्कीच आहे, म्हणून लिहिते. वहिनीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी माहेश्वरी हवी होती. मी आधी रोमन लिपीत मराठी आणि इंग्रजीची खिचडी टाइप केली, मग तेच हिंदीत लिहून पाहिले आणि शेवटी कंटाळून फोनला तोंडीच विचारले. टाइप करताना आपण शब्द तोडून लिहितो, पण बोलताना अख्खे वाक्य बोलतो: 'डोहाळजेवणाला नेसायला हिरवी माहेश्वरी साडी इंदूरहून कुरिअरने मिळेल का?' समोर आली ती हिरव्या साड्यांची भली मोठी रांग, आणि तिच्यात माहेश्वरीच्या नावाखाली यंत्रमागाचा माल किती, हे पारखायला मला आईला फोन करावा लागला.

नऊवारीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. हल्ली 'नऊवारी' असे शोधले की बहुतेक ठिकाणी शिवलेली, सलवारीसारखी पायांत चढवायची नऊवारी निघते. ज्यांना ती हवी आहे त्यांना ती खुशाल मिळावी. माझ्या सासूबाईंना मात्र नेसायची, अख्खी नऊ वार लांबीची हवी होती. मी पाहिलेल्या पानांवर साडीची स्तुती भरपूर होती, पण लांबीचा पत्ता नव्हता. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, आणि सहावारी साडेपाच मीटर. फोटोत घडी घातलेली साडी दोन्ही प्रकारांत सारखीच दिसते. 'नेसायची नऊवारी, शिवलेली नाही, लांबी ८.२ मीटर' एवढी एक ओळ ज्या दुकानाने लिहिली असती, त्याच्याकडून मी भाव न करता साडी घेतली असती. (सराफ्यात आणि राजवाड्याजवळ खरेदी शिकलेल्या मुलीने 'भाव न करता' म्हणणे किती गंभीर आहे, हे माहेश्वरीवाली ताईंना सांगायला नको.)

ताई, पदर पूर्ण उघडून त्याचा फोटो टाका. जुन्या पद्धतीच्या माहेश्वरीच्या पदरावर तीन रंगीत आणि दोन पांढरे असे पाच पट्टे असतात, आणि आमच्या आयांच्या पिढीला आधी तेच पाहायचे असतात. फोटोखाली तसे लिहाही, कारण मी 'पाच पट्ट्यांचा पदर' असेसुद्धा शोधून पाहिले होते.

लष्करवाला (लष्कर, ग्वाल्हेर):

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण यातला एक धोका अजून कुणी सांगितलेला नाही. बारीक कीवर्डांची चटक लागली की माणूस पानांचा कारखाना काढतो. आमच्याकडच्या एका व्यापाऱ्याला अशीच पाने करून मिळाली होती: मजकूर तोच, 'पुण्यात', 'नागपुरात', 'नाशकात' एवढाच शब्द बदललेला, आणि दुकान मात्र ग्वाल्हेरात. अशा पानांना गूगल 'डोअरवे' म्हणते आणि त्यांची गणना स्पॅममध्ये करते. २०११ मध्ये निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या 'पांडा' या बदलापासून पातळ मजकुराच्या संकेतस्थळांवर त्यांची नजर आहेच. मार्च २०२४ मध्ये तर घाऊक तयार केलेल्या मजकुराविरुद्धचे धोरण आणखी विस्तारले गेले, मग तो मजकूर माणसाने लिहिलेला असो की एआयने. तुमची संस्था उद्या 'शंभर लाँग टेल पाने स्वस्तात करून देतो' असे म्हणाली, तर नम्रपणे नकार द्या. तसेच तिच्या अहवालात 'मेटा कीवर्ड भरले' (म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या टॅगमध्ये शब्दांची यादी घातली) हे काम म्हणून दाखवलेले असेल, तर त्याचे पैसे देऊ नका. रँकिंगसाठी तो टॅग आपण विचारात घेत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे.

मग वेगळे पान केव्हा करावे? माझ्या मते ज्या शब्दासाठी दाखवायच्या साड्या वेगळ्या असतील किंवा द्यायचे उत्तर वेगळे असेल, तेव्हाच. 'काळी माहेश्वरी' आणि 'पिवळी नऊवारी' यांची पाने वेगळी हवीत. 'नऊवारी', 'नववारी' आणि 'नऊ वारी' यांची तीन पाने मात्र नकोत. असले लेखनभेद गूगल बहुतेक वेळा सांभाळून घेते. लुगडे या शब्दासाठीही वेगळे पान नको, पण नऊवारीच्या पानावरच्या एखाद्या वाक्यात तो सहज येऊ द्या. मजकूर आधी मोठ्याने वाचून पाहा. दुकानात बसून गिऱ्हाइकाला सांगताना जे वाक्य तुमच्या तोंडून निघणार नाही, ते कीवर्ड कोंबण्यासाठी लिहिलेले आहे असे समजा.

तुमच्या धंद्यात याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हातमागाचा माल एकेक नग असतो. काळी साडी विकली गेली की तिचे पान काढून टाकले जाते, आणि त्या पानाने गूगलमध्ये जी काही जागा कमावली असेल तीही त्याच्याबरोबर जाते. पुढच्या खेपेला नवी साडी, नवे पान, पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून बारीक कीवर्ड एकेका साडीच्या पानावर बांधू नका. 'संक्रांतीसाठी काळ्या माहेश्वरी साड्या' असे एक कायमचे संग्रहपान करा, त्याच्या पत्त्यात वर्षाचा आकडा घालू नका, आणि दर वर्षी त्याच पानावर नवा माल लावा. विकल्या गेलेल्या साड्या लगेच काढू नका. 'विकली गेली, अशीच विणून हवी असल्यास कळवा' असे त्यांच्याखाली लिहा. हातमाग असल्यामुळे हे वाक्य तुम्ही खरेपणाने लिहू शकता, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेला ते जमणार नाही.

महिन्याला दहा माणसांसाठी पान करावे का, याचे उत्तर मालाच्या किमतीत आहे. वीस रुपयांचे शेवेचे पाकीट विकणाऱ्याला दहा माणसांनी काही होणार नाही. हातमागाची साडी विकणाऱ्याला त्या दहांतली एक पुरे.

माहेश्वरीवाली (रामबाग, इंदूर):

सर्वांचे मनापासून आभार. संदेश चाळायला सुरुवात केली आहे आणि एक गोष्ट लगेच दिसली: 'पहिल्यांदा धुताना रंग जातो का' हा प्रश्न प्रसंगांच्या प्रश्नांपेक्षाही जास्त वेळा आलेला आहे. त्याचे पान आधी करावे का? दुसरे असे की काठांच्या नक्ष्यांविषयी, म्हणजे चटाई, ईंट, हिरा, लहर यांविषयी, सासूबाईंनी फार चांगली टिपणे लिहिली होती. ती श्रीलिपी या जुन्या टायपिंग प्रणालीत टाइप केलेली होती, आणि संस्थेने त्यांची चित्रे करून संकेतस्थळावर लावली आहेत. दिसायला ती सुरेख दिसतात, पण त्यांचा शोधात काही उपयोग होत असेल का? आणि भाषेचा प्रश्न राहिलाच.

शोधसोबती (विजयनगर, इंदूर):

धुण्याचे पान जरूर करा, पण त्यातून ऑर्डरींची आशा कमी ठेवा. ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतात इंग्रजी आणि हिंदीत एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे एआयने तयार केलेले थोडक्यात उत्तर, दाखवू लागले आहे, आणि असल्या माहितीपर प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा निकालांच्या डोक्यावरच मिळून जाते, मग खाली दुकानात कोण उतरतो? खरेदीचे शब्द, म्हणजे प्रसंग, रंग, लांबी, इंदूरहून कुरिअर, यांचे तसे नाही; तिथे साडी पाहिल्याशिवाय शोध संपत नाही. म्हणून आधी खरेदीची पाने करा, आणि धुण्याविषयीचा मजकूर त्या प्रत्येक पानावर दोन-तीन ओळींत देऊन मुख्य पानाकडे दुवा द्या. ज्या बाईच्या मनात साडी घ्यायची आहे पण रंगाची धास्ती आहे, तिला तो तिथेच वाचायला मिळाला पाहिजे.

सासूबाईंची टिपणे हा तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा ऐवज आहे, आणि तो चित्रांत बंद करून ठेवणे हे नुकसानच आहे. चित्रातल्या मजकुरावर शोधासाठी भिस्त ठेवता येत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला जुना मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो, आणि गूगललाही तोच दिसतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर आणि गूगललाही वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतरित करून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार मात्र डोळ्यांखालून घाला, कारण गडबड बहुधा तिथेच होते. मग प्रत्येक नक्षीचे टिपण त्या नक्षीच्या साड्यांच्या संग्रहपानावर लावा. 'चटाई काठाची माहेश्वरी' हा शब्द कुणी शोधला, तर सासूबाईंच्या टिपणांसारखा मजकूर इतरत्र सापडणे कठीण आहे.

भाषेबद्दल माझे मत असे: एका पानावर एकच भाषा. मुंज, डोहाळजेवण, मंगळागौर, संक्रांतीचे हळदीकुंकू ही पाने मराठीत लिहा, कारण हे प्रसंगच मराठी घरांतले आहेत. नक्ष्या आणि 'खरी माहेश्वरी कशी ओळखावी' ही पाने हिंदीतही करा, आणि मराठी व हिंदी पाने एकमेकांची रूपे आहेत हे सांगणारी 'एचरेफलँग' खूण कोडमध्ये लावून घ्या. रोमन मराठीसाठी वेगळे पान नको. बंगळुरूच्या गिऱ्हाइकांसाठी एक इंग्रजी पान लागेलच. त्यात नऊवारी, काठ, पदर, मंगळागौर हे शब्द रोमन लिपीत ओघाने येतात आणि तेवढे पुरते. मराठीत पूर्ण वाक्ये लिहायला कचरू नका. वाक्याचा संदर्भ ओळखणारी 'बर्ट' ही प्रणाली गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये मराठीसह सत्तरहून अधिक भाषांच्या शोधात आणली, त्यामुळे 'मुंजीसाठी' मधल्या 'साठी'ला आणि 'शिवलेली नको' मधल्या 'नको'ला आता पूर्वीपेक्षा जास्त किंमत आहे.

लष्करवाला (लष्कर, ग्वाल्हेर):

वेळेबद्दल थोडे. नवे पान टाकले की ते दुसऱ्या दिवशी वर येते असे नाही. गूगलने ते वाचायला आणि त्याला जागा द्यायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. गूगल ट्रेंड्सवर 'मंगळागौर' हा शब्द घालून मागची काही वर्षे पाहिली, तर श्रावणाच्या आसपास त्याला उंची येते आणि बाकीचे वर्ष तो आडवा पडलेला असतो. तेव्हा काळ्या साड्यांचे पान दसऱ्यापर्यंत, आणि मंगळागौरीचे पान ज्येष्ठ संपण्यापूर्वी चढलेले असावे. माल त्या वेळी हातात नसला तरी चालेल. मागच्या खेपेच्या साड्यांचे फोटो, लांबी आणि विणून द्यायला किती दिवस लागतात, एवढे लिहा. ते दिवस विणकराला विचारूनच लिहा. सणासाठी मागवलेली साडी सण उलटल्यावर पोचली, तर पुढच्या वर्षी ती बाई तुमचे पान शोधेल, पण परीक्षण लिहिण्यासाठी.